ना-हरकत

छतावर तीन किलोवॅटचं सौर बसवायचं ठरलं. सरकारी अनुदान ७८,००० रुपये. वीजबिल अजून वारलेल्या आबांच्याच नावावर. ते माझ्या नावावर करण्यात महिना गेला. शेवटी मंजुरी आली. बसवणारा पोरगा वर चढला नि म्हणाला, “दादा, शेजारच्या लिंबाची सावली दुपारनंतर निम्म्या छतावर येतीय. फांद्या उतरवा.”

लिंब काकूंचा. त्याखाली त्यांच्या शेळ्या, त्यांची बाज. विचारायला गेलो. काकू म्हणाल्या, “तोड की बाबा, तुझं बिल वाचतंय तर.”

इतक्या सहज परवानगी मिळाली आणि मीच अडकलो. आबांच्या दुखण्यात रात्री-अपरात्री धावून आलेली ही बाई मला नाही म्हणणारच नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा होकार खरा धरायचा का?

अर्ज दुरुस्त केला. पूर्वेच्या कडेला दोनच किलोवॅट बसवले. अनुदान ६०,००० झालं.

काकू अजून विचारतात, “का रं, फांदी तोडली न्हाईस?”

“सावली लागते, काकू,” मी म्हणतो. कुणाला, ते सांगत नाही.