धन कोणाचे, दान कोणाचे?

सुरतेचा कतारगाम भाग आज हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. खानदेशातून पोटासाठी सुरतेस गेलेल्या आपल्यातील पुष्कळ कुटुंबांना हे नाव चांगले ठाऊक असेल. त्याच कतारगाम दरवाज्याजवळ तीनशे वर्षांहून जुन्या दोन दफनभूमी आहेत. एक इंग्रजांची व दुसरी डचांची.

इंग्रजांच्या दफनभूमीत ख्रिस्तोफर ऑक्झेंडन (मृत्यू १६५९) व त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन (मृत्यू १६६९) यांचे मोठे घुमटाचे थडगे आहे. जॉर्ज हा सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली, तेव्हा वखार राखून धरणारा तो हाच. डचांच्या दफनभूमीत व्हान रीड याचे त्याहूनही भव्य थडगे आहे. मलबारातील वनस्पतींवरचा बारा खंडांचा विख्यात ग्रंथ त्याने तयार करविला. १६९१ साली तो प्रवासात समुद्रावरच वारला व त्याला येथे मूठमाती मिळाली. थडग्यांच्या थाटात इंग्रज व डच यांची जणू चढाओढच लागली होती, असे सांगतात.

हे सारे व्यापारी ज्या बंदराच्या जिवावर श्रीमंत झाले, त्या बंदराचे उत्पन्न एके काळी एका स्त्रीच्या नावे होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. ती स्त्री म्हणजे बादशहा शहाजहान याची थोरली कन्या जहाँआरा. तिचा जन्म १६१४ चा. आई मुमताज महल १६३१ साली वारली, तेव्हा आईच्या कोटभर रुपयांच्या मालमत्तेतील निम्मा वाटा या सतरा वर्षांच्या मुलीकडे आला. ती नुसती बसून खाणारी नव्हती. जहागिरी, बागा व सराया यांच्यावर तिची देखरेख असे. तिची जहाजे सुरतेहून तांबड्या समुद्रापर्यंत व्यापार करीत. इंग्रज व डच वखारवाल्यांना तिची मर्जी सांभाळावी लागे. आपल्या 'साहिबी' नावाच्या जहाजातून दर वर्षी पन्नास कोनी तांदूळ मक्केच्या गोरगरिबांसाठी पाठवावा, असा हुकूम तिने १६४३ साली काढला. कोनी हे त्या काळचे धान्याचे माप. आग्र्याच्या जामा मशिदीसाठी तिने पाच लाख रुपये खर्च केले. ती मशीद १६४८ साली पुरी झाली. दिल्लीचा चांदणी चौकही तिनेच वसविला.

येथवर वाचून कोणीही म्हणेल, केवढी ही दानशूर स्त्री! परंतु येथेच आम्हांला एक प्रश्न पडतो. हे धन कोणाचे होते?

१६४४ साली जहाँआराच्या वस्त्राला दिव्याची ज्योत लागून ती भयंकर भाजली. तिच्या दासी आग विझविण्यास धावल्या. त्यांतील दोघी त्या भाजण्याने मरण पावल्या. राजकन्या कित्येक महिन्यांनी बरी झाली. बापाने आनंदाने दरबार भरविला, गरिबांना पैसे वाटले, आणि कन्येला जी बक्षिसे दिली त्यांत सुरत बंदराचे उत्पन्न होते. तिचे प्राण वाचावेत म्हणून धावणाऱ्या त्या दोघींची थडगी कोठे आहेत? त्यांच्या मुलाबाळांचे पुढे काय झाले? ते कोणी लिहून ठेवले नाही.

बंदराची जकात म्हणजे तरी काय? विणकराने विणलेले कापड, शेतकऱ्याने पिकविलेला कापूस, खलाशाने वादळात जपलेला माल, या सर्वांतून काढलेला वाटा. गुजरातेत १६३० ते १६३२ या काळात भयंकर दुष्काळ पडून माणसे रस्त्यावर मेली. त्यातून जे तगले, त्यांच्याच हातांनी पुढे ही जकात भरली. मक्केला गेलेला तांदूळही कोणाच्या तरी घामाने पिकला होता.

मग तिने दिले त्याला दान म्हणू नये काय? आम्ही असे म्हणत नाही. हाती आलेले सारे चैनीत उडविणारे पुष्कळ असतात. तिने भुकेल्यांची आठवण ठेवली, हे थोडे नव्हे. परंतु आपल्याकडे जे येते ते पुष्कळांच्या हातांतून येते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नसतात. म्हणून आपले देणे हे उपकार नसून परतफेड असते, आणि तीही अपुरी. हे ज्याला उमगले, त्याला आपल्या देणगीची फार मोठी पाटी लावण्याचा संकोच वाटू लागतो.

जहाँआराला हे केव्हा उमगले, कोण सांगणार? तारुण्यात तिने जहाजालाही आपल्या पदवीवरून नाव दिले. पण १६५८ साली औरंगजेबाने बापाला कैदेत टाकले, तेव्हा सुखाचा मार्ग सोडून ती आठ वर्षे आग्र्याच्या किल्ल्यात बापाच्या सेवेला राहिली. १६८१ साली ती वारली. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांच्या दर्ग्याच्या आवारात तिची कबर आहे. तिच्यावर छत नाही. वरच्या बाजूस माती असून तिच्यात गवत उगवते. आपल्या कबरीला गवताखेरीज दुसरे आच्छादन नको, अशी तिची इच्छा दगडावर कोरलेली आहे.

कतारगामचे घुमट आणि दिल्लीचे गवत ही दोन्ही अजून पाहावयास मिळतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना ही गोष्ट सांगा, आणि दानशूर कोण हे विचारण्याआधी त्यांना असे विचारा: आज सकाळी तुझ्या ताटात जी भाकर आली, ती किती जणांच्या हातांतून आली? मुले मोजू लागतील. पेरणाऱ्यापासून दळणाऱ्यापर्यंत, आणि चुलीपाशी बसलेल्या आईपर्यंत. मोजता मोजता त्यांच्या लक्षात येईल की यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तेवढे लक्षात आले की त्या दिवसाचा धडा पुरा झाला.

आणि आपण मोठ्यांनीही, पुढच्या वेळी देणगीची पावती फाडून घेताना, त्या दोन दासींची आठवण करावी.