डोहातलं बियाणं

चैत्र सरला की आमच्या कानंद खोऱ्यातली नदी तुटते. आषाढात जिच्या आवाजानं काठच्या घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तिची खळखळ आधी बंद होते. मग गोट्यांमधून झिरपणारी धार दिसेनाशी होते. शेवटी उरतात ते डोह. एक इथं, दुसरा पार वळणापलीकडं, आणि मधे नुसते उन्हानं तापलेले पांढरे धोंडे. कानंदीचं असं, गुंजवणीचं असं, आणि भोरकडं हिर्डस मावळात नीरेच्या वरच्या अंगालाही असंच. तोरण्या-राजगडाच्या अंगावर पाऊस उदंड पडतो, पण उघडा कातळ त्याला धरून ठेवत नाही.

नदी तुटली की तिच्यातला सगळा जीव डोहात गोळा होतो. मरळ, वाम, शिंगटा, खडशी, मुरे, झिंगे, कपारीतले खेकडे. पावसाळ्यात कोसभर पसरलेलं हे गोत वैशाखात एका खळ्याएवढ्या पाण्यात राहतं. म्हणून आमच्याकडं मासे धरायचा खरा हंगाम उन्हाळा. पावसाळ्यात मासा शोधावा लागतो, उन्हाळ्यात तो कुठं आहे हे शेंबडं पोरगंही सांगतं.

तरी त्यातही जाणतेपण लागतं. पाणी तापलं की माशाला श्वास पुरत नाही. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला तो साडेसातावर येतो. हे आकडे मी पुढं पुस्तकात वाचले. आमच्या थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, ते पाण्याकडं बघून कळायचं. ऐन पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, की ते म्हणायचे, "आत्ता गळ टाकू नगंस. जीव घुसमटलेला मासा खात न्हाय." सूर्य कासराभर वर आला की गळ टाकायचा आणि ऊन चटकायला लागायच्या आत उठायचं. दुपारी मासा तळाला, नाहीतर जांभळीच्या सावलीतल्या कपारीला. पुन्हा दिवस कलल्यावर, किडे पाण्यावर उतरतात तेव्हा बसायचं. गळाला गांडूळ, नाहीतर टोळ. तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा. वळवाची एखादी सर येऊन गेली आणि काठची माती डोहात उतरली, की तासाभरात मासा असा चेवानं खायला उठायचा की बघत राहावं.

धरणाच्या पाण्यातली तऱ्हा वेगळी, पण गोष्ट तीच. भाटघरचं पाणी उन्हाळ्यात कालव्यांवाटे खाली जातं आणि वेळवंड खोऱ्यात फुगवटा मागं सरत जातो. वर्षातले बरेच महिने पाण्यात असलेलं कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. पाणी आटलं की मासा जुन्या नदीच्या पात्राकडं ओढला जातो, कारण खोल जागा तीच. धरणाआधी नदी कुठून वाहत होती हे ज्याला आजा-पणजाकडून ठाऊक, तो कंडाळ बरोबर तिथंच लावतो. नदी बुडून पिढ्या गेल्या, पण माशाला तिची वाट ठाऊक असते आणि मासे धरणाऱ्यालाही.

उन्हाळी मासेमारीच्या या सगळ्या क्लृप्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माशाला जायला दुसरी जागा नाही. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्याला पळायला वाट नाही, त्याला धरावं का? आणि धरायचं तर किती?

मासा मारावा की मारू नये, हा वाद मी इथं घालत नाही. आमच्या घरात मासा शिजत होता आणि माळकरी आजीच्या चुलीवर शिजत नव्हता. दोन्ही चुली एकाच छपराखाली होत्या. प्रश्न मारण्याचा नाही, संधी कुठं घ्यायची याचा आहे. फार जुना प्रश्न आहे हा. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातले काही ठरावीक दिवस मासे मारायला आणि विकायला मनाई केलेली आहे. चीनमधल्या कन्फ्यूशियसबद्दल त्याचे शिष्य सांगतात, की तो गळानं मासे धरायचा, जाळ्यानं नाही. पाखरं मारायचा, पण झाडावर विसावलेल्या पाखरावर बाण सोडायचा नाही. तात्यांनी यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं. पण डोहाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. डोह उपसायचा नाही. डोहात काही कालवायचं नाही. आणि देवळाखालच्या डोहाला हात लावायचा नाही.

कारण विचारलं तर ते पुण्य-पाप काढत नसत. "आरं, ते बियाणं हाय," एवढंच म्हणायचे. हे समजायला भातशेती माहीत असावी लागते. घरात कितीही ओढ असली तरी एका कणगीला हात लावायचा नसतो. रोहिणी-मृगाला तेच भात राबावर पेरायचं असतं. डोहातला मासाही तसाच. पहिला पूर आला की तो चढणीला लागतो. पोटात गाभोळी घेऊन धारेच्या उलट उड्या मारत ओढ्या-वहाळांत, खाचरांत शिरतो आणि अंडी टाकतो. म्हणजे वैशाखात डोहात जेवढं शिल्लक राहील, तेवढ्यावर पुढच्या वर्षीची सगळी नदी उभी राहायची. जूनमध्ये खाचरात चढलेला मासा पोरं टोपलीनं धरतात, त्यात मजा असते, मीही ती केली आहे. पण तोही उन्हाळा पार करून आलेला असतो म्हणूनच तिथवर पोचतो.

तात्यांचा हा हिशेब मी पुढं मास्तर झाल्यावर शाळेत सांगायला लागलो. एका मे महिन्यात डोहावर कातकरी वाडीवरची एक म्हातारी जुनं लुगडं पाण्यात धरून बारीक मासे गाळत होती. सोबत दोन नातवंडं. बोटाएवढी पिल्लंही ती सोडत नव्हती. मी तिला बियाण्याची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग लुगडं पिळत म्हणाली, "गुरुजी, तुमच्या कणगीत भात हाय, म्हनून तुमाला म्होरला पाऊस दिसतो. मला सांजच्याला काय शिजवायचं त्येच दिसंना."

यावर काय बोलायचं? तिला ना शेत, ना कणगी. वीटभट्टीचं काम उरकलेलं, पेरणीचं अजून सुरू व्हायचं. अशा दिवसांत डोह हीच तिची कणगी. नदीवर तिचा हक्क माझ्याहून जुना, आणि नियम सांगणारा मी दुपारी जेवून आलेला. संयम हा गुण खरा, पण पोट भरलेल्याला तो स्वस्तात मिळतो. हे ध्यानात न घेता सांगितलेला नियम नुसता उपदेश राहतो, धर्म होत नाही.

मात्र तिच्या उत्तरानं तात्यांचं म्हणणं खोटं पडतं, असंही मला वाटत नाही. त्याच डोहावर पुढं काही वर्षांनी जे झालं त्यावरून मला दोहोंतला फरक कळला. रात्रीतून कुणी बाहेरच्यांनी डोहात ब्लीचिंग पावडर ओतली. सकाळी पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. विकण्याजोगा मासा उचलून नेलेला, बाकीचा तसाच. मुरे, झिंगे, खेकडे, बेडकांची पिल्लं, पाण्यातला सारा बारीक जीव मेलेला. गुरं पाण्याला तोंड लावेनात. ती म्हातारीही आली होती. काठावर बराच वेळ बसली आणि काही न उचलता गेली. पुढच्या पावसात आमच्या ओढ्याला चढणीचा मासा जवळजवळ आलाच नाही.

विष पूर्वीही होतं, हे कबूल केलं पाहिजे. रामेठ्याची साल, गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवायची रीत आपल्या डोंगरांत जुनीच. पण त्या झाडपाल्यानं मासा गुंगायचा, आणि नव्या पाण्यात त्याचा अंमल उतरायचा. आता पावडर, सुरुंगाची दारू, विजेच्या तारेचा आकडा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला 1897 सालापासून कायद्यानं बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी डोहाच्या काठी तो क्वचितच दिसतो.

म्हातारीच्या लुगड्यात आणि पावडरीत फरक कोणता? दोघांनीही पिल्लं मारली, असं कुणी म्हणेल. मला फरक असा दिसतो की गळाला, जाळ्याला, लुगड्यालाही थांबता येतं. पोट भरलं की हात थांबतो, दमला की थांबतो, दया आली तर एखादी गाभण मादी परत पाण्यात सुटते. विषाला थांबता येत नाही. ते लहान-मोठं बघत नाही, भूक किती हे विचारत नाही. ज्या साधनाला थांबणं ठाऊक नाही, ते कोंडलेल्या जिवावर वापरू नये, एवढं तरी मला ठाम म्हणता येतं. भुकेची सबबही तिथं चालत नाही, कारण पावडर आणणारे भुकेले नव्हते.

मरळीचं उदाहरण घ्या. ही हवेतून श्वास घेणारी मासळी, कमी पाण्यात तग धरते. पावसाच्या तोंडावर तिची तांबूस पिल्लं झुबक्यानं पाण्यावर तरंगतात आणि खाली नर-मादी राखण करत असतात. जाणता मासेवाला तो तांबडा झुबका बघतो आणि बरोबर त्याखाली गळ सोडतो. पिल्लं राखायला थांबलेली मरळ हमखास लागते. यात कायदा मोडत नाही, विष नाही, गळच आहे. तरी तात्या तिथं गळ सोडत नसत. गळाला थांबता येतं ते असं. पण थांबायचं की नाही, ते गळ धरणाऱ्यानंच ठरवायचं.

केळदचा मढे घाट उतरलं की महाड तालुका लागतो. तिथं काळ नदीवर वाळणकोंड आहे. कोंड म्हणजे कोकणातला डोहच. तिथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येऊन खातात. त्यांचं कूळ आपल्या खडशीचंच, इंग्रजीत ज्याला महसीर म्हणतात. 1839 साली कर्नल साइक्स या अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाची शास्त्रीय नोंद केली. पुढं हा मासा इतका कमी झाला, की टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडायला सुरुवात केली. जे काम तिथं हौद बांधून करावं लागतं, ते वाळणकोंडात एका समजुतीवर चाललंय. देवीचं नाव घेतलं की मास्तराला बियाण्याचा हिशेब समजावत बसावं लागत नाही.

पण प्रत्येक डोहाला देवी कुठून आणायची? आणि म्हातारीच्या प्रश्नाला देवीही उत्तर देत नाही. त्याचं उत्तर मला पुन्हा भातातच सापडतं. आमच्या गावात एखाद्या घरानं नाइलाजानं बियाणं शिजवून खाल्लं, तर त्याला कुणी नावं ठेवत नसे. मृगाच्या आधी शेजारचे पायलीभर बी त्याच्या दारात नेऊन द्यायचे. बियाणं राखायचा नियम सगळ्या गावाचा होता, म्हणून उपाशी घराला सांभाळणंही गावाकडंच होतं. एक अर्धं मानायचं आणि दुसरं विसरायचं, असं चालत नसे.

नदीच्या बाबतीत आपण नेमकं तसंच करतो. कातकऱ्याला बारीक जाळं वापरू नको म्हणतो. पण भाटघरच्या 23.5 टीएमसी पाण्यावर खाली बारामती-फलटणकडं ऊस उभा राहतो, आणि वरच्या खोऱ्यात मासा चिखलात तडफडतो, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. धानेपला आता गुंजवणीचं धरण झालंय. भिंतीखालचा मासा कितीही उड्या मारो, वर चढू शकत नाही. धरणात कटला-रोहूचं बीज सोडतात, ठेका देतात, चिलापी आपली आपण वाढते. पण ओढ्यातल्या मुऱ्याचं बीज कुणी सोडत नाही. डोहात शेवटचं हातभर पाणी राहू देणं हे मासे धरणाऱ्याइतकंच पंप लावणाऱ्याचं आणि पाणी सोडणाऱ्याचंही काम आहे.

हल्ली रविवारी पुण्याची पोरं महागाच्या काठ्या घेऊन येतात. "काका, मासा कुठं लागेल?" म्हणून विचारतात. मी सांगतो. वेळ सांगतो, सावली सांगतो, आमिष सांगतो, माहिती लपवत नाही. एवढंच म्हणतो, की मे अर्धा गेला असेल तर पोट फुगलेली मादी परत सोडा, आणि वाडीवरचं कुणी आधीच बसलेलं असेल तर तो डोह त्यांना राहू द्या. तुम्ही संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहात. काही जण ऐकतात, काही हसून पुढं जातात. मग मृगाची पहिली झड येते, धोंडे भिजतात, दोन डोहांच्या मधलं अंतर पाण्यानं भरून निघतं. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी उभं राहून मी बघतो, यंदा किती चढतायत.