धर्मांध कोणाला म्हणायचे?

'धर्मांध' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्या धर्माच्या माणसासाठी. त्यांच्या वस्तीतून दगड आले की ते धर्मांध. आपल्या आळीतल्या पोरांनी तेच केले की त्यांच्या भावना दुखावलेल्या असतात, त्यांना कोणीतरी भडकवलेले असते. 'कट्टर' तर आता शिवी राहिलेलीच नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लोक तो अभिमानाने मिरवतात.

श्रद्धेला कोणी धर्मांधता म्हणू नये. वारीला जाणारा, रोजे पाळणारा कोणाचे काही बिघडवत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड धाकाने बंद करायला माणूस सरसावतो, तिथे धर्मांधता सुरू होते. मतभेद तर टिळक-आगरकरांचेही टोकाचे होते. दोघांनी एकमेकांवर कठोर शब्दांत लिहिले. तरीही १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख सांगताना टिळकांना रडू आवरले नाही. आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली ती पुण्यातल्याच सनातन्यांनी, म्हणजे स्वधर्मीयांनी.

आपल्या सुधारकांनी झाडू आधी स्वतःच्या घरात फिरवला. आगरकर केशवपनावर आणि बालविवाहावर तुटून पडले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि नावातच फुल्यांचा वारसा घेतला. स्वकीयांनी त्यांना धर्मद्रोही ठरवले. तत्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला. दलवाई तेव्हा हयात नव्हते. ते १९७७ मध्येच गेले होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी संतांचा वारसा सांगतच अंधश्रद्धेवर बोट ठेवले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. त्या खुनानंतर 'पण ते बोलायचेच तसे' असे म्हणणारी सुशिक्षित माणसे आपल्यात होती. बंदूक न उचलताही माणूस धर्मांधांच्या बाजूला उभा राहतो तो असा.

म्हणून वाचकांना एकच विनंती. शेजारच्या धर्मातल्या धर्मांधाला नावे ठेवणे सोपे आहे, त्याला धैर्य लागत नाही. आपल्या घरात, आपल्या मंडळात, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी दुसऱ्याला संपवण्याची भाषा केली, तर 'जाऊ दे, वडीलधारे आहेत' म्हणून गप्प बसू नका. त्यांना तिथेच, सर्वांसमोर सांगा की ही धर्मांधता आहे.