दुपारच्या विहिरीवर

पाचोडच्या मोसंबी बाजारात व्यापारी ढिगातलं एक फळ उचलतो, सालीवरच्या डागावर अंगठा फिरवतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याची नजर त्या अंगठ्यावर खिळलेली असते. भाव पडला की माणूस घरी येऊन गप्प बसतो. पडलेला भाव त्याला फळाचा वाटतच नाही, स्वतःचा वाटतो.

स्वतःबद्दलच्या या शंकेला आपण मनाचा कमकुवतपणा म्हणतो. मला ते मान्य नाही. ही शंका बहुतेक वेळा कुणीतरी आपल्याला पढवलेली असते; जातीनं, घरानं, सावकारानं. म्हणून नुसतं ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असं सांगून ती जात नाही.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं. त्याच शहरात धर्मशास्त्रं वाचताना मात्र स्त्रीजातीविषयी काय काय लिहून ठेवलंय ते त्यांच्यापुढे आलं. केवढी विद्वत्ता, आणि तरी जन्मानंच उणी! पुढे इंग्लंडमध्ये, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं टाकलेल्या बायकांना प्रेमानं उभं करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचं काम त्यांनी पाहिलं. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीनं त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट मराठवाड्यात वाचावी. भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. पाच नवरे झालेली, यहूद्यांनी हलके ठरवलेल्या लोकांतली. गावोगावी वेगळे पाणवठे पाहिलेल्या आपल्या माणसांना तिचं एकटं येणं समजावून सांगावं लागत नाही. आणि येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. उपदेश नाही, दयाही नाही; तिच्या हातचं पाणी. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे, तरी मागतो. देवाचं प्रेम म्हणजे काय, ते मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. ते आपली पात्रता सिद्ध व्हायची वाट पाहत नाही, आणि आपल्याला निरुपयोगीही ठेवत नाही. ती बाई घागर तिथंच टाकून गावात धावते. ज्यांची नजर चुकवत ती जगली, त्यांनाच बोलवायला.

एवढं कळूनही रमाबाईंची शंका लगेच गेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. स्वतःला सुधारून देवाजोगं व्हायची धडपड सुटायला आठ वर्षं गेली. तेव्हा ज्यांचा विश्वास आज डळमळतोय, त्यांनी स्वतःला खोटं ठरवू नये. आहोत तसे देवापुढे उभं राहणं हेच सर्वांत अवघड असतं. पैठणच्या वाळवंटात तापलेल्या वाळूतून पोर उचलणाऱ्या संत एकनाथांची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या तालुक्याला हे परकं वाटू नये.

१८९६-९७ च्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांना अन्न दिलं, अक्षरं दिली आणि काम दिलं. स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून. तिथल्या बायकामुलींनी खिळे जुळवले. त्यांच्याच हातांनी, एकेका अक्षरानं, ती दुपारची विहीरही जुळली.