पाण्याच्या वाटेने

सुट्टीत गाडीत तंबू टाकून कोकणात उतरणार असाल, तर पेणहून थोडी वाट वाकडी करून गागोदे बुद्रुकला जा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे इथे जन्मले. पुढे १९५१ साली पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि हा माणूस तेरा वर्षांहून अधिक काळ भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर पायी चालला.

तिथून नागोठण्याची अंबा नदी ओलांडून कोलाडला या. ऐन मे महिन्यातही कुंडलिका वाहताना दिसते, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं. त्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची शेतं बुडाली. त्यांच्यासाठी सेनापती बापट १९२१ च्या सत्याग्रहात उभे राहिले. नदीत खेळणाऱ्या मुलांना हेही सांगायला हवं.

पुढे महाड. चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. गुराढोरांना मोकळं असलेलं पाणी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना नाकारलं जात होतं! माझ्या मते रायगड किल्ल्याइतकंच हे तळं मुलांना दाखवावं, तेही घाई न करता.

मुक्काम मात्र जपून करा. वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका चढते. पात्रात तंबू नको. जमीन कुणाची ते विचारा, परवानगी घ्या, आणि आपला कचरा गाडीत घालून परत न्या.