मृत्युपत्रातील पालक आणि भगवंतांचे अभिवचन

मृत्युपत्रात अज्ञान अपत्यासाठी पालकाचे नाव लिहून ठेवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वकिलाचा दिसतो. परंतु श्रद्धाळू गृहस्थापुढे तो वेगळ्याच रूपाने उभा राहतो. अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण स्वतः वाहतो, असे अभिवचन भगवंतांनी नवव्या अध्यायात दिले आहे. मग आपल्यामागे लेकराचे कोण पाहील याची लेखी तजवीज करणे म्हणजे त्या अभिवचनावर अविश्वास दाखवणे नव्हे काय? आमच्या जबलपुरात नर्मदास्नान व गीतापाठ न चुकवणाऱ्या माणसांच्या मनातही ही शंका येऊ शकते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

श्रीमत् शंकराचार्यांनी त्या श्लोकाच्या भाष्यात या शंकेच्या मुळाशीच हात घातला आहे. अप्राप्ताची प्राप्ती तो योग आणि प्राप्ताचे रक्षण तो क्षेम, असे सांगून ते विचारतात की, इतर भक्तांचाही योगक्षेम भगवंतच वाहतात ना? वाहतात खरे, पण भेद असा की, इतर भक्त स्वतःसाठी आपणही खटपट करतात, अनन्यदर्शी पुरुष स्वतःसाठी ती करीत नाही. भाष्यातील ‘आत्मार्थम्’ हे पद भाषांतर करताना सहज निसटून जाते; वस्तुतः सगळा भार त्याच्यावरच आहे. सोडावयाची आहे ती स्वतःपुरती चिंता. दुसऱ्याच्या तोंडचा घास त्याच्या वतीने ईश्वरावर सोपवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मूल दुसरे कसे, ते तर आपलेच, असे कोणी म्हणेल. त्याने तेराव्या अध्यायातील ‘अनभिष्वंग’ या शब्दापाशी थांबावे. तो सुखी तर मीच सुखी, तो मेला तर मीच मेलो, अशा एकरूपतेच्या भावनेला आचार्य अभिष्वंग म्हणतात. तेव्हा अनभिष्वंग म्हणजे पुत्राची हेळसांड नव्हे, तो मी नव्हे हे ओळखणे होय. आणि तो मी नव्हे, तर माझे वैराग्यही त्याच्या अंगावर चढवता येणार नाही. खरे सांगावयाचे तर मृत्युपत्र न लिहिणाऱ्यांपैकी वैराग्यामुळे थांबलेले थोडेच; बाकीच्यांना आपल्यावाचूनचे आपले घर डोळ्यांपुढे आणवत नाही, आणि हाच तो अभिष्वंग.

नाव कोणाचे लिहावे, हा भाग याहून अवघड आहे. गीतेचा आरंभच एका पालकाच्या तोंडून झाला आहे, हे आपण विसरतो. पंडूमागे त्याची पोरकी मुले धृतराष्ट्राच्या छायेत आली. तो सख्खा चुलता, घरचा वडील. आणि तरीही पहिल्याच श्लोकात तो एकीकडे ‘मामकाः’ म्हणतो व दुसरीकडे ‘पाण्डवाः’. पुतण्यांना ‘माझे’ या शब्दात जागाच नाही.

महाराष्ट्राने हे दुःख थेऊरच्या वाड्यात पाहिले. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर ज्या राघोबादादांना थोरल्या माधवरावांनी कैदेत ठेवले, त्यांच्याच हाती त्यांनी मृत्युसमयी नारायणरावांना सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरवले. माधवरावांसारखा चाणाक्ष पुरुषही नात्यापुढे नमला. पाल्याच्या मृत्यूने ज्याचा लाभ होईल त्यास पालक नेमू नये, असा नियम ग्रीक स्मृतिकार सोलोनच्या नावावर सांगतात. तो येथे कोणाला आठवला असता तर!

आमच्या धर्मशास्त्रानेही केवळ नात्यावर विसंबून राहावे असे म्हटलेले नाही. मनूने बालकाच्या धनाचे रक्षण राजाकडे दिले. कौटिल्याने ते वाढवण्याचे काम ग्रामवृद्धांवर टाकले. आज ती जागा न्यायालयाची आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाल्याचे हित सर्वांहून श्रेष्ठ मानले आहे, आणि मृत्युपत्राने नेमलेल्या पालकाचे अधिकारही त्या अधिनियमाच्या व मृत्युपत्राच्या मर्यादेतच चालतात.

याच अधिनियमातील एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पित्याने पालक नेमला, पण माता हयात असली, तर ती नेमणूक लागू होत नाही; पालकत्व मातेकडे येते. पुढे विधवा मातेने मृत्युपत्राने दुसरे नाव दिले तर तेच चालते. तिने काहीच न लिहिता देह ठेवला तरच पित्याने दिलेले नाव पुन्हा जिवंत होते. पतीने आपला भाऊ लिहावा, पत्नीने आपली बहीण लिहावी, आणि दोघांनी एकमेकांस सांगू नये, असे घडले तर पोरक्या लेकराची ओढाताण ठरलेली. म्हणून उभयतांनी एकत्र बसून एकच नाव ठरवावे, त्या व्यक्तीस आधी विचारून तिचा होकार घ्यावा, मूल जाणते असेल तर त्याचेही मन पाहावे, आणि मग दोघांनी आपापल्या मृत्युपत्रांत तेच नाव लिहून दोन साक्षीदारांसमक्ष सह्या कराव्यात.