अतिरेकाची वाट आणि परतीचा मार्ग

पवित्र कुरआनने (२:१४३) या उम्मतला मध्यममार्गी समुदाय म्हटले आहे. हा मार्ग सुटला की उपासनाही माणसाला वाचवीत नाही.

सिफ्फीनच्या लढाईत (इ.स. ६५७) लवाद मान्य केला म्हणून खवारिजांनी हजरत अली (रजि.) यांनाच धर्मबाह्य ठरविले. नमाज-रोजात ते मुळीच कमी नव्हते. परंतु ‘आम्हीच तेवढे शुद्ध’ हा अहंकार मनात शिरला. इतिहासकार लिहितात, झाडाखाली पडलेला परका खजूर तोंडात घातला म्हणून त्यांनी आपल्याच सोबत्याला हटकले. आणि निरपराध अब्दुल्लाह बिन खब्बाब यांची मात्र हत्या केली!

अशांच्या छावणीत हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) गेले. त्यांनी आक्षेप ऐकले आणि पती-पत्नीच्या तंट्यातही अल्लाहने लवाद नेमण्यास सांगितले आहे (४:३५), हे दाखविले. पुष्कळजण परतले.

बार्सिलोनातील पाकिस्तानी वंशाच्या, अतिरेकाकडे झुकलेल्या तरुणांवरील २०१९ च्या अभ्यासातही हेच सूत्र दिसते. पवित्र मूल्यांसाठी लढण्याचा प्रश्न येताच मेंदूतील सारासार विचाराशी निगडित भाग मंदावत असे. परंतु आपले समाजबांधव तितके टोकाचे नाहीत, हे कळताच लढण्याची तयारी कमी होई.

म्हणून मुलाने कठोर प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. घरात ज्याचे ऐकले जात नाही, त्याचे ऐकणारा बाहेर कोणीतरी टपून असतो.

अल्लाह आपणा सर्वांना मध्यममार्गावर स्थिर ठेवो. आमीन.